चौदा विद्यार्थी आणि सोळा पायऱ्या

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी गेली अठरा वर्षे कॉलेजात शिकवीत आहे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरचे १८८९ सालचे पुस्तक घ्या, नाहीतर पु. ल. देशपांड्यांची १९६० सालची ‘अपूर्वाई’ घ्या. कोणत्या लेखकाला परदेशात काय आवडले आणि काय खुपले, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकेन. माझ्याजवळ पासपोर्ट मात्र नव्हता. विद्यार्थ्यांना हे ठाऊक होते. पण मुले सुसंस्कृत म्हणून कधी बोलून दाखवीत नसत.

आमच्या कॉलेजात वाणिज्य शाखेची मुले सिंगापूरला जातात, व्यवस्थापनाची मुले दुबईला जातात आणि मराठीची मुले आळंदीला जातात. फारच हौस आली तर मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहून येतात. यात आळंदीचा किंवा मालगुंडचा काही दोष नाही. पण मागल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलाने विचारले, “मॅडम, मराठी शिकण्यासाठी परदेशी जावं, असा एखादा देश जगात आहे का हो?” वर्ग हसला. मी म्हटले, “आहे. मॉरिशस.”

वर्ग हसावयाचा थांबला.

मग मी सांगितले ते असे. मुंबईपासून विमानाने सहा-सात तासांवर हिंदी महासागरात हे बेट आहे. आधी फ्रेंचांचे राज्य होते. १८१० साली इंग्रजांनी ते घेतले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यांतले बहुसंख्य बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, काही तमिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेली थोडी आपली माणसे, त्यांतली बरीचशी कोकणातली. त्यांचे वंशज आज तेथे आहेत. प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मराठी शिकविली जाते. १९७० साली मोका या गावी महात्मा गांधी संस्था स्थापन झाली, तिच्यात मराठीचा विभाग आहे. गणेशोत्सवाची सरकारी सुट्टी असते.

“मग चला की!” मागच्या बाकावरून आवाज आला.

बोलणे सोपे होते. माणशी खर्च पाऊण लाखाच्या घरात जाणार होता आणि आमच्या मुलांच्या घरी पाऊण लाख म्हणजे फ्रिज, मोटारसायकलचा हप्ता आणि बहिणीच्या लग्नातला एक दागिना असा हिशेब असतो. माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरले, एक एकांकिका तिकीट लावून केली, दिवाळीत उटणे आणि कंदील विकले. अखेर चौदा जण निघाले : नऊ मुली आणि पाच मुलगे. सोबत मी आणि आमच्या विभागातले एक तरुण सहकारी.

पालकांची सभा

परदेशप्रवासात सगळ्यांत अवघड टप्पा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी विमानतळ म्हणणार नाही, पालकसभा म्हणेन. एका आईला तेथे वरणभात मिळतो का, हे हवे होते. एका वडिलांना मुलींच्या खोल्यांना आतून कडी आहे की नाही, याची खात्री हवी होती. ही खात्री मी फोन करून, कडीचा फोटो मागवून दिली. गुहागर तालुक्यातून एक गृहस्थ रात्रीच्या एस. टी.ने आले होते. मुलगी मुंबईला मामाकडे राहून शिकत होती. सगळ्यांचे प्रश्न संपेपर्यंत ते गप्प होते. मग हळूच म्हणाले, “बाई, राग मानू नका. पण मराठीच्या पोरांना परदेशात कोण बोलावतं हो?”

त्यांची मुलगी शेजारीच बसली होती. ती वर्गातली सर्वांत हुशार आणि सर्वांत अबोल मुलगी. दोन महिन्यांपूर्वी ती एका नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. पाच मिनिटे तिचे इंग्रजी ऐकून समोरच्या साहेबांनी, “तुम्ही आधी नीट बोलायला शिका,” असे सांगून तिला परत पाठविले होते. घरी हे तिने कोणाला सांगितले नव्हते. मला ठाऊक होते.

मी तिच्या वडिलांना म्हटले, “बोलावलंय. मॉरिशसच्या मराठी मंडळींचं पत्र आलं आहे.” त्यांनी ते पत्र मागून घेतले, चष्मा लावून सबंध वाचले, घडी घालून परत दिले आणि होकारार्थी मान हलविली. पत्र मराठीत होते. मला वाटते, त्यांचा होकार त्या पत्राला होता, मला नव्हता.

कारण : मराठी

फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आठवडाभर आधी आम्ही निघालो. चौदांपैकी अकरा जण पहिल्यांदाच विमानात बसत होते. बारावी मी, पण ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पट्टा कसा बांधावयाचा हे मी हवाईसुंदरीकडे न पाहता शेजारच्या मुलीकडे पाहून शिकले. सामानाच्या वजनावरून नेहमीचे नाट्य झाले. प्रत्येकाच्या आईने चिवडा दिला होता, आणि चौदा घरच्या चौदा चिवड्यांत कोणता सरस, यावर विमान उडण्यापूर्वीच दोन तट पडले.

भारतीयांना मॉरिशसचा व्हिसा आगाऊ काढावा लागत नाही. उतरल्यावर खिडकीवरचा अधिकारी येण्याचे कारण विचारतो. पुढे उभ्या असलेल्या मुलाला त्याने विचारले तेव्हा त्याने छाती काढून इंग्रजीत एकच शब्द उच्चारला : “मराठी.” अधिकारी क्षणभर पाहात राहिला, मग हसला आणि शिक्का मारला. मराठी हे कोठेतरी जाण्याचे कारण असू शकते, हे आमच्या मुलांना त्या दिवशी प्रथमच कागदावर उमटलेले दिसले.

घड्याळे दीड तास मागे घेतली. रस्ता सगळा उसामधून जातो. तोडणी जूनपासून पुढे; फेब्रुवारीत ऊस अर्धा वाढलेला, हिरवागार. मधूनच काळ्या दगडांचे ढीग, जुन्या मजुरांनी शेते साफ करताना रचलेले. गावांची नावे फ्रेंच, रस्ता आपल्यासारखा डावीकडून, दुकानांवरच्या पाट्या इंग्रजी आणि फ्रेंच. आणि माणसे आपसांत बोलतात ती भाषा क्रिओल. फ्रेंचांच्या काळात गुलामांच्या तोंडी ती घडली. “की मान्येर?” म्हणजे “कसं काय?” हे दोन शब्द मुलांनी तासाभरात उचलले. चटणीला क्रिओलमध्ये ‘सातिनी’ म्हणतात, हे कळल्यावर मुलांना ही भाषा नात्यातली वाटू लागली. या भाषेला कोणी विद्वान वाली नव्हता, अनेक वर्षे शाळेतही स्थान नव्हते. प्राथमिक शाळेत ती विषय म्हणून २०१२ साली आली. तरी बाजारात, बसमध्ये, भांडणात आणि अंगाईत तिचेच राज्य.

पहिल्या संध्याकाळी रस्त्यावर डालपुरी खाल्ली. हरभऱ्याच्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी, एकदम दोन द्यावयाच्या, आत घेवड्याची रस्सेदार भाजी आणि झणझणीत सातिनी. “पुरणपोळी रागावली की अशी होत असेल,” असे एक मुलगी म्हणाली. वरणभाताची चौकशी करणाऱ्या आईला त्या रात्री फोटो गेला.

सोळा पायऱ्या

पोर्ट लुई ही राजधानी. तेथील बंदराशी आप्रवासी घाट आहे. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्याला ‘कुली घाट’ म्हणत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून करारावरचे पहिले छत्तीस मजूर कलकत्त्याहून या बंदरात आले, म्हणून २ नोव्हेंबरला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. या जागी मजुरांचा तळ १८४९ साली उभा राहिला. १८३४ पासून १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे हिंदुस्थानातून या बेटावर आली.

पाहावयाला फार काही नाही, हे आधीच सांगून टाकते. काळ्या दगडाच्या काही भिंती, दवाखान्याचे अवशेष, स्वयंपाकघराची जागा, फाटक. बराचसा भाग पुढे रस्त्याखाली गेला. आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. जहाजातून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून वर येई. मग तपासणी, नोंद, क्रमांक. दोन दिवस मुक्काम. आणि मळ्याकडे रवानगी. करार पाच वर्षांचा. मजुरी पुरुषाला महिना पाच रुपये. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापीत.

‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले आणि करारावर गेलेला तो गिरमिटिया. आपल्या मराठीत मात्र गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार. मुलांना मी हे सांगितले तेव्हा कोणी तरी पुटपुटले, “फार फरक नाही.”

मुलांनी आधी भराभर फोटो काढले. मग कोणी न सांगता ती शांत झाली. लालबागचा एक मुलगा पायऱ्या मोजून वर आला. त्याचे आजोबा गिरणीत होते. तो म्हणाला, “मॅडम, आमच्या घराण्यातला पहिला माणूस रत्नागिरीहून बोटीनं मुंबईला आला, गिरणीत लागला. धक्क्यावर त्याला कोणी दुसऱ्या बोटीत चढवलं असतं तर?”

मी काय उत्तर देणार? दोन्ही बोटींत बसणारी माणसे एकाच मुलखातली, एकाच कारणाने निघालेली. एकाला लालबाग मिळाले, दुसऱ्याला उसाचा मळा. एकाची बायको दर महिन्याला मनिऑर्डरची वाट पाहू शकली.

मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदींचे दप्तर जपले आहे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, जहाजाचे नाव; आणि पुढील काळात छायाचित्रसुद्धा. तेथेच मजुरांच्या जीवनाचे एक संग्रहालय आहे. नोंद करणारा कारकून कानावर पडेल तसे नाव इंग्रजीत लिही. आडनावाची भानगडच नव्हती. मूळ माणसाचे नाव पुढल्या पिढीचे आडनाव झाले. म्हणून तेथे बाबाजी, सखाराम ही आडनावे भेटतात. “आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात,” एक मुलगी म्हणाली, “इथं सगळ्या खानदानाला ठेवलं.”

महाशिवरात्रीची गडबड सुरू झाली होती. गंगा तलाव या डोंगरातल्या तळ्याकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसे सजविलेल्या कावडी घेऊन पायी निघाली होती. रस्त्याच्या कडेने लोक त्यांना पाणी, सरबत, फळे देत होते. आमच्यातल्या दोघांनी वारी केलेली; त्यांना कोणी काही समजावून द्यावे लागले नाही. तीन मैल ती दोघे त्या ओळीतून चालून आली.

कास्काव्हेलची रात्र

बेटाच्या पश्चिमेला ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात कास्काव्हेल हे गाव आहे. मराठी वस्ती जुनी. तेथे एका रात्री आमचे जेवण होते. पन्नास-साठ माणसे जमली. नऊवारीतल्या आजीबाई, टोपी घातलेले आजोबा, जीनपँटमधली नातवंडे. हार घातले, आरती झाली, आरती सगळ्यांना तोंडपाठ. आमच्या मुलांना वाटले, आता पोटभर मराठीत बोलावयाचे!

मौज पुढेच आहे. आरती संपली आणि मराठीही संपली. पाणी, भाकरी, आजा, आजी एवढे शब्द ओळखीचे. पुढे गाडी अडली. त्यांची घरची भाषा क्रिओल. आमच्या मुलांना ती येईना. अखेर दोन्ही बाजूंना सिनेमातले हिंदी येत होते, ते उपयोगी पडले. मराठी माणसांची गाठ दीडशे वर्षांनी पडली आणि गप्पा हिंदीत झाल्या.

एका ऐंशीच्या घरातल्या आजींनी आमच्या मुलांना जवळ बसवून घेतले आणि विचारले, “तुम्ही खरंच सगळा दिवस मराठी बोलता? भांडतासुद्धा मराठीतच?”

“भांडतो मराठीत, आजी,” लालबागकर म्हणाला, “प्रेम मात्र इंग्रजीत करतो.”

नातीने ते क्रिओलमध्ये सांगितल्यावर आजी पदर तोंडाला लावून हसल्या.

जेवणानंतर अंगणात मृदंग आणि झांजा आल्या. सहा-सात पुरुष गोल करून उभे राहिले. “झाकरी,” असे कोणी तरी आम्हांला सांगितले. पहिला ठेका पडला आणि गुहागरची आमची मुलगी ताडकन उठून उभी राहिली. “मॅडम, ही तर जाखडी!”

कोकणात गणपतीत नाचतात ती जाखडी. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणतात. गोल धरून, पायांत चाळ बांधून, मृदंगाच्या तालावर पुढे-मागे झुकत नाचावयाचे. तिच्या वाडीत तिचे काका नाचत आणि वडील गात. मुलींनी नाचावयाची रीत नाही. पण पडवीत बसून पाहणाऱ्या मुलींना सगळे येत असते. ती गोलाच्या कडेशी गेली. गाणाऱ्या वृद्धांचे शब्द झिजून गुळगुळीत झाले होते. काही ओळींत अर्थ लागत नव्हता. चाल मात्र तिच्या ओळखीची होती. तिने त्या चालीत आपल्या वाडीचे शब्द घातले.

मृदंगवाल्याने तिच्याकडे पाहिले आणि ठेका थोडा संथ केला. तिने कडवे म्हणावयाचे, त्यांनी झेलावयाचे. वर्गात जिच्या तोंडून ‘हजर’ शब्दसुद्धा ऐकू येत नसे, ती मुलगी अर्धा तास मोकळ्या गळ्याने गात होती. एक वृद्ध गृहस्थ तिच्या ओठांकडे पाहून एकेक शब्द परत म्हणत होते, बालवाडीतल्या मुलासारखे.

एक प्रश्न

निघताना तेथील एका मराठीच्या शिक्षिकेने मुलांशी बोलण्याची परवानगी मागितली. त्यांचे मराठी शिकून मिळविलेले, जपून पावले टाकणारे. ‘ळ’ थोडा अडखळत होता. सकाळी आमच्यातल्या दोघी त्यावर किंचित हसल्या होत्या. आता कोणी हसत नव्हते.

त्या म्हणाल्या, “आमच्या मुलांना शाळेत तेवढा तास मराठी मिळते. तासाबाहेर मराठी बोलायला माणूस नाही. तुमच्याकडे सगळी माणसं आहेत. मला एकच सांगा. तुम्ही आपल्या मुलांना मराठी शाळेत घालाल का? घालणार असतील त्यांनी हात वर करा.”

चौदांतले दोन हात वर झाले. त्यांतला एक हात इंग्रजी शाळेतून शिकून हौसेने मराठीकडे आलेल्या मुलाचा होता. गुहागरच्या मुलीचा हात खाली होता.

शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे पाहिले. “आणि तुमची मुलं, बाई?”

“माझी मुलगी मराठी शाळेत शिकली,” मी म्हटले. “दोन वर्षांपूर्वी त्या शाळेत पहिलीच्या वर्गाला मुलेच मिळाली नाहीत. वर्ग बंद झाला.”

त्यांनी हळूच माझा हात दाबला. दुखवट्याला आलेले माणूस दाबते तसा.

रात्री मुक्कामावर ती मुलगी माझ्या खोलीत आली. “मॅडम, तुम्हांला वाईट वाटलं असेल. पण मी मराठी शाळेत शिकले. त्या मुलाखतीत काय झालं ते तुम्हांला माहीत आहे. माझ्या मुलीला तसं ऐकून घ्यावं लागलं तर मी तिला काय सांगू? की मॉरिशसला लोकांनी माझं गाणं ऐकलं होतं?”

या प्रश्नाला उत्तर म्हणून आमच्याकडे व्याख्याने पुष्कळ आहेत. मराठी भाषा दिनाला मी स्वतः दोन-तीन दिली आहेत. त्यांतले एकही वाक्य त्या खोलीत चालले नसते. भाषेचा अभिमान धर, असे त्या मुलीला सांगणे सोपे. पण तिला पाच मिनिटांत दाराबाहेर काढणारी खुर्ची मराठी माणसाचीच होती. ती खुर्ची आहे तोवर पोरींनी हात वर करावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? मी तिला एवढेच विचारले, “उद्या त्या आजोबांना कडवी लिहून देशील का?” ती म्हणाली, “ते दिलेच आहे. देवनागरीत आणि खाली रोमनमध्ये. त्यांच्या नातवाला वाचता यावं म्हणून.”

रविवारी साडेसहा

परत येऊन आता आठ महिने होत आले. चिवड्याचा वाद मिटलेला नाही. मुलांचे निकाल लागले. तिघे नोकरीला लागले. एकीचे लग्न ठरले. गुहागरची मुलगी एम.ए.ला आहे. आपल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या जाखडीची गाणी ती उतरवून घेते आहे. वही घेऊन ती वडिलांसमोर बसली तेव्हा पहिल्यांदा ते लाजले, मग दोन रात्री गात राहिले, असे तिने मला कळविले.

दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या चौदांतले चौघे संगणकासमोर बसतात. तिकडे तेव्हा पाच वाजलेले असतात आणि कास्काव्हेलची सात-आठ मुले समोर असतात. पुस्तक नाही, परीक्षा नाही. गप्पा मारावयाच्या, मराठीत. आज काय खाल्लं, पाऊस पडला का, कोणी कोणाला मारलं. चौदांचे चार झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ते चार एकही रविवार चुकलेले नाहीत, आणि त्यांतली एक कोण हे वाचकांनी ओळखले असेलच. तिचे मत बदलले की नाही, मी विचारलेले नाही.

मागच्या रविवारी दिवाळीचा विषय निघाला. दिवाळी तिकडेही असते, दिवे लावतात, सुट्टी असते. आमच्या मुलांनी त्यांना किल्ल्याविषयी सांगितले : अंगणात दगडमातीचा डोंगर करावयाचा, बुरूज काढावयाचे, वर अळीव पेरावयाचे, शिवाजी महाराजांना सिंहासनावर बसवावयाचे आणि मावळे उभे करावयाचे. तिकडची मुले तोंडे उघडी टाकून ऐकत होती. असला खेळ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

शेवटी अकरा वर्षांच्या एका मुलाने जुळवून जुळवून वाक्य केले : “ताई, आमच्याकडे लाल माती खूप आहे. चालेल?”

चालेल, बाळा. कोकणातल्या किल्ल्यांची मातीही लालच आहे.